सायकलच्या लाईटीपायी 25,899 रुपये गेले

आधी रक्कम सांगतो. लाईटीचे 1,299, आणि ते परत मिळवायच्या नादात 24,600. एकूण 25,899. मुलीच्या नर्सिंगच्या फीला ठेवलेले पैसे होते. घरात चार दिवस सांगितलं नाही, सांगायला तोंडच नव्हतं.

मी छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला एका कारखान्यात कंत्राटी वायरमन आहे, राहायला शहरातल्या छावणीत. थोरल्याला कॉलेजसाठी गाडी दिली आणि मी सायकल काढली. जाऊन-येऊन साधारण 25 किलोमीटर. सेकंड शिफ्ट रात्री 11 ला सुटते. उसाचा सीझन सुरू झाला की या रस्त्यावर ट्रॉल्या उभ्या असतात. मागं ना लाल दिवा, ना रिफ्लेक्टर. टायर पंक्चर झालं की चाकाला दगड लावून ड्रायव्हर निघून जातो. अशा रस्त्यावर लाईट हौस म्हणून घेत नाही कुणी.

मोबाईलवर जाहिरात आली. 5000 लुमेन (लुमेन म्हणजे उजेडाचं माप), 12 तास बॅकअप, जर्मन टेक्नॉलॉजी, आज रात्री ऑफर बंद. कॅश ऑन डिलिव्हरी होती, म्हणून वाटलं की वस्तू हातात आल्यावरच पैसे द्यायचेत, भ्यायचं कशाला. पोरगा पार्सल घेऊन आला आणि म्हणाला, "काका, आधी पैसे, मग खोला." दिले.

आता जे मनातून जात नाही ते. मी वायरमन आहे. चांगला एलईडी एका वॅटला 100-120 लुमेन देतो. 5000 लुमेनला 40-45 वॅट लागणार. मुठीत मावणाऱ्या लाईटीत एकच सेल, त्यात 12-13 वॅट-अवर, म्हणजे 12-13 वॅटचा दिवा तासभर चालेल एवढीच वीज. म्हणजे वीस मिनिटांत खेळ खलास, आणि तेवढ्या वेळात लाईट हातात धरवणार नाही इतकी तापायला हवी. बारा तास कुठून आणणार? हा हिशेब मी रोज पॅनलसमोर उभा राहून तोंडी करतो. त्या दिवशी केला नाही. जाहिरात वाचली तेव्हा रात्रीचे साडेबारा झाले होते आणि आदल्याच रात्री एका उभ्या ट्रॉलीवर जाता जाता वाचलो होतो. भेदरलेला माणूस आकडे तपासत नाही, एवढंच माझं म्हणणं आहे.

लाईट भिंतीवर मारली की डोळे दिपायचे, रस्त्यावर मात्र पंधरा फुटांपुढं काही दिसायचं नाही. सगळा उजेड वर आणि बाजूला सांडायचा, समोरून येणारे शिव्या द्यायचे. जर्मनीत तर सायकलच्या दिव्याचा उजेड वरून कापलेला असावा असा कायदाच आहे, समोरच्याच्या डोळ्यात जाऊ नये म्हणून. तिसऱ्या रात्री गोलवाडी फाट्याच्या पुढं, चालू केल्यापासून चाळीस मिनिटांच्या आत ती बंद पडली. ट्रॉलीबाहेर आलेल्या उसाच्या टोकांनी खांदा सोलला. घरी येऊन उघडली. सेलवर क्षमता छापलीय 9800 एमएएच. या मापाचा, 18650 चा, चांगल्या कंपनीचा सेलसुद्धा साधारण 3500 च्या आसपास असतो. ओळखीच्या सराफाकडं वजन केलं तर 27 ग्रॅम. खरा सेल 45 ग्रॅमच्या आसपास भरतो. लाईट हलकी लागली तर घेऊ नका.

इथं थांबलो असतो तर 1,299 वर भागलं असतं.

वेबसाईटवर पत्ता नव्हता, फक्त व्हॉट्सअ‍ॅप नंबर, तोही उत्तर देत नव्हता. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे विकणाऱ्याचं नाव, पत्ता, तक्रार अधिकारी दाखवावा लागतो. ते नसेल तर तिथून चहाची गाळणीसुद्धा मागवू नका. मी त्या दुकानाच्या नावानं कस्टमर केअरचा नंबर शोधला. वर आला तोच लावला. शोधून मिळालेला नंबर कंपनीचाच असतो असं धरू नका, हे मला आता कळतंय.

त्यांचा उलट फोन आला संध्याकाळी सात वाजता, चहाच्या सुट्टीत. वीस मिनिटांची सुट्टी, सुपरवायझर दारात. हिंदी गोड, "भाईसाब, पूरा रिफंड मिलेगा." एक अ‍ॅप टाकायला लावलं, त्या अ‍ॅपमुळं माझी स्क्रीन त्याला दिसू लागली. तपासणीसाठी 5 रुपये पाठवायला सांगितले. मग रकमेच्या रकान्यात "रिफंड कोड 9995" टाका म्हणाला. टाकला. "कोड रिजेक्ट झाला, दुसरा घ्या, 14600." तोही टाकला. दोन्ही वेळा पिन मीच दाबला. पिन टाकताना वर एका अनोळखी बाईचं नाव होतं आणि पैसे पाठवत आहात असं स्पष्ट लिहिलेलं होतं. मी ते वाचलं. वाचूनसुद्धा दाबलं, कारण तो कानात सारखा "जल्दी, सेशन एक्स्पायर होगा" म्हणत होता. पैसे घ्यायला पिन लागत नाही. कधीच लागत नाही. ज्या क्षणी पिन मागितला, त्या क्षणी फोन ठेवायचा.

ताबडतोब 1930, म्हणजे सायबर फसवणुकीची हेल्पलाईन, लावला. एंगेज. पुन्हा लावला, थांबा म्हणाले, मग कट झाला. तेवढ्यात कारखान्यात कामावर बोलावणं आलं. माणसाशी बोलणं झालं रात्री 11 वाजून 50 मिनिटांनी, रस्त्याच्या कडेला सायकल टेकवून. जवळजवळ पाच तास गेले. या तक्रारीत पहिला तासच महत्त्वाचा असतो, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवायचे असतात. पगार कापला गेला तरी चालेल, पण काम सोडून फोन लावत राहा. बँकेलाही त्याच वेळी कळवा, कारण कळवल्यानंतर जे जातं ते बँकेच्या अंगावर येतं, आधी गेलेलं आपल्याच.

दुसऱ्या दिवशी पोलीस ठाणं. घरच्या हद्दीतले म्हणाले, "फोन वाळूजला आला ना, तिकडं जा." तिकडचे म्हणाले, "तुमचं खातं कुठलं, घर कुठलं, तिकडं जा." तिसऱ्या दिवशी सायबर पोलीस ठाण्यात गेलो, तर साहेब बंदोबस्ताला. चौथ्या दिवशी एकानं कागद बघून सगळ्यांसमोर विचारलं, "सायकलच्या लाईटीसाठी एवढं?" हो, सायकलच्या लाईटीसाठी! रात्री जिवंत घरी यायचं असतं म्हणून. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्द न बघता घ्यायची तरतूद आहे. हे मला एका वकिलाच्या कारकुनाकडून कळलं, ठाण्यात कुणी सांगितलं नाही. तुम्ही कलमाचा आकडा घेऊनच जा. बँकेनं तर दोन वाक्यांत वाटेला लावलं. पिन तुम्ही टाकला, आणि तुमची होम ब्रँच गेवराईला आहे, अर्ज तिकडं द्या. अर्ज द्यायला गेवराईला गेलो, दिवसाची हजेरी बुडाली. ग्राहक हेल्पलाईन 1915 वर लाईटीची तक्रार नोंदवली, पण पार्सलवर पाठवणाऱ्याचा धड पत्ताच नाही, नोटीस कुणाला जाणार?

आता गुलमंडीकडच्या एका सायकलच्या दुकानातून 650 रुपयांत पुढची-मागची जोडी घेतलीय. पुढची 300 लुमेनची. दुकानाचं शटर अर्धं ओढायला लावून, चालू करून, उजेड खाली पडतो का बघून घेतली. तेवढी पुरते. मागचा लाल दिवा मात्र कधीच काढू नका, बॅगेवर लावलात तर तो आकाशाकडं तोंड करतो, सीटच्या दांडीलाच कसा. पावसाळ्यासाठी निदान आयपीएक्स 4, म्हणजे पाण्याचे शिंतोडे सोसणारी, बघा. सोबत एक छोटा टॉर्च खिशात.

24,600 पैकी 3,212 रुपये कुठल्याशा खात्यात होल्ड झालेत असा मेसेज आला. ते सोडवायला अजून फेऱ्या माराव्या लागतील. त्यासाठी पुढच्या सोमवारी पुन्हा अर्धी सुट्टी टाकलीय.