सॉकेटमध्ये काय भरायचं: बोव्हाइन, ॲलोग्राफ्ट की सिंथेटिक?

दात काढल्यावर उरलेलं सॉकेट (हाडातला खड्डा) भरायचं की नाही, हा वाद इथे नको. भरायचं ठरलंय, इम्प्लांट काही महिन्यांनी बसणार आहे, ट्रेमध्ये ग्राफ्टची, म्हणजे भरायच्या कणांची, कोणती बाटली उघडायची एवढाच प्रश्न आहे. कणांचा आकार पाकिटावर असतोच.

बोव्हाइनचं, म्हणजे गाई-बैलांच्या हाडाचं, मोठं कौतुक म्हणजे ते जागा सोडत नाही. प्रथिनं काढून टाकलेलं हे हाड शरीर फार सावकाश खातं, त्यामुळे बकल (गाल-ओठाकडची) बाजू कमी खचते आणि एक्स-रे पांढराशुभ्र, देखणा येतो. पण तो पांढरेपणा नव्या हाडाचा की जुन्या कणांचा, हे एक्स-रे सांगत नाही. ते कळतं ड्रिल लावल्यावर.

माझा निर्णय झाला तो इथेच. सहा महिन्यांनी फ्लॅप (हिरडीचा पडदा) उघडला की रिज, म्हणजे जबड्याच्या हाडाची कड, भरलेली दिसते. 2 मिमीचा पायलट (पहिला) ड्रिल मात्र एकसारखा उतरत नाही: मध्येच कचकच, मध्येच पोकळ, आणि बाहेर काढला तर खाचांत नुसते पांढरे कण. ऑस्टिओटॉमीच्या (इम्प्लांटसाठी पाडलेल्या छिद्राच्या) तोंडाशी दोन-चार कण सुटे होतात आणि इम्प्लांट फिरवताना पकड ढिली लागते. पुढच्या दातांत मुळाच्या टोकापलीकडे 3-4 मिमी पेशंटच्या स्वतःच्या हाडात जाऊन निभावता येतं. खालच्या दाढेला तिथे नर्व्ह, वरच्या दाढेला सायनस. मग टॉर्क (घट्ट बसण्याचा जोर) मिळत नाही, कव्हर स्क्रूने इम्प्लांटचं तोंड झाकून टाके घालायचे आणि पेशंटला आणखी थांबायला सांगायचं.

ॲलोग्राफ्ट म्हणजे दात्याचं मानवी हाड. त्यातलं एफडीबीए, म्हणजे खनिजं न काढलेलं, चार महिन्यांत उघडलं तर ड्रिलला बऱ्यापैकी सलग लागतं. कण उरतात, पण हाताला तितके टोचत नाहीत. डीएफडीबीए, म्हणजे खनिजं काढलेलं, आणखी लवकर विरघळतं. मात्र खनिजं नसल्याने सुरुवातीच्या एक्स-रेवर सॉकेट रिकामंच दिसतं आणि पेशंट विचारतो, ‘डॉक्टर, भरलंत ना नक्की?’ मुंबईच्या टाटा मेमोरियलची टिश्यू बँक 1988 पासून आहे, गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेलं हाड तिथून मिळतं. त्यामुळे ॲलोग्राफ्ट म्हणजे परदेशी माल, असं समजायचं कारण नाही.

सिंथेटिकमध्ये निव्वळ बीटा-टीसीपी (एक कॅल्शियम फॉस्फेट) कधीकधी हाड तयार होण्याआधीच निघून जातं. हायड्रॉक्सीॲपेटाइट (हाडातल्यासारखं खनिज) मिसळलेलं टिकतं, पण पुन्हा तीच कचकच. पुट्टी (मळलेल्या गोळ्यासारखा ग्राफ्ट) हाताळायला सोपी, रक्त जास्त असेल तर वाहून जाते.

संमतीपत्राचं काम आधी उरका. पुण्यातला पेशंट ‘कशापासून बनवलंय?’ हे विचारल्याशिवाय सही करत नाही, आणि त्याचं बरोबरच आहे. गाईचं म्हटल्यावर बरेच जण थांबतात, माणसाचं म्हटल्यावरही काही जण. दोन्हीला नाही म्हणणाऱ्यासाठी सिंथेटिक ठेवायलाच हवं. आणि नुसत्या ग्राफ्टचं सांगून भागत नाही: कोलॅजन मेम्ब्रेन डुकराचं असू शकतं.

खरं तर फसतं ते बाटलीपेक्षा भरण्यात. सॉकेट नीट खरवडून भिंतींतून रक्त आलं पाहिजे. ग्रॅन्युलेशन (सुजेचा मऊ मांसल भाग) राहिलं तर कोणताही ग्राफ्ट कुजू शकतो. एका मुळाच्या दाताला साधारण अर्धा ग्रॅम पुरतो. कण सलाइनमध्ये किंवा पेशंटच्या रक्तात भिजवून हलके बसवा. ॲमलगमसारखे ठासले तर मधून रक्तवाहिन्या जायला वाट राहत नाही. क्रेस्टच्या (हाडाच्या वरच्या कडेच्या) पातळीलाच थांबा. वर ढीग केला की तिसऱ्या दिवशी फोन येतो: ‘तोंडात वाळू येतेय.’ वर कोलॅजन, 4-0 जाडीच्या धाग्याचा आडवा-उभा टाका, फ्लॅप ओढून तोंड बंद करायचा हट्ट नको. टाके 10 ते 14 दिवसांनी.

तेव्हा दाढेला मी एफडीबीएकडे झुकेन, तुमचा हात वेगळं सांगत असेल तर तेही ऐका. वरचा समोरचा दात, बकल प्लेट कागदासारखी आणि हसताना हिरडी दिसणारी, अशा ठिकाणी मात्र बोव्हाइनच उघडावं: तिथे पकड मुळापलीकडच्या हाडात मिळते, आणि खचलेली हिरडी नंतर भरून काढणं फार कठीण.