खोक्यावरचा टन वेगळा, खोलीतला वेगळा : नागपूरच्या उन्हाळ्यात पोर्टेबल एसी

आधी निकाल सांगून टाकतो, घाईत असणाऱ्यांनी एवढं वाचून गेलं तरी चालते. एक टनाचा, एका पाइपचा पोर्टेबल एसी मे महिन्याच्या भर दुपारी वरच्या मजल्यावरची १० बाय ११ ची खोली थंड करत नाही, बसण्यालायक करतो. रात्री मात्र झकास. पाचपैकी तीन स्टार, आणि त्यातला एक घरमालकाच्या कृपेनं, कारण स्प्लिटसाठी भिंतीला भोक पाडू देत नाही आणि विंडो एसीसाठी ग्रिल कापू देत नाही, म्हणजे मनीषनगरात भाड्यानं राहणाऱ्या माणसाकडं कूलर नाहीतर हे, एवढंच उरते.

घेतला बर्डीवरच्या एका दुकानातून, ३५ हजारांच्या घरात. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण जे सांगणार आहे ते एका पाइपच्या झाडून सगळ्या मशीनना लागू आहे. दुकानदार म्हणे, "भाऊ, १२० फुटाला एक टन बिनधास्त चालते." आता हा जो हिशोब आहे ना, तो स्प्लिटचा आहे. एक टन म्हणजे ताशी १२,००० बीटीयू (उष्णता मोजायचं माप), म्हणजे साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर फेकायची ताकद, इथपर्यंत ठीक. पण स्प्लिटचा गरम होणारा भाग बाहेर गॅलरीत असतो आणि तो बाहेरचीच हवा घेऊन बाहेरच सोडतो. पोर्टेबलमध्ये सगळं खोलीच्या आत, तो खोलीतलीच थंड केलेली हवा ओढतो, स्वतःच्या कंडेन्सरवरून, म्हणजे उष्णता सोडणाऱ्या गरम कॉइलवरून, फिरवतो आणि त्या जाड पाइपातून खिडकीबाहेर फेकतो. आता जेवढी हवा बाहेर गेली तेवढी कुठून तरी आत येणारच ना, ती येते दाराखालून, खिडकीच्या फटीतून, बाथरूमच्या जाळीतून, आणि ती असते ४५ डिग्रीची.

थोडं गणित करा, मजा येते. ताशी २०० घनमीटर हवा बाहेर जाते असं धरलं तर माझ्या खोलीत साधारण ३१ घनमीटर हवा आहे, म्हणजे तासाभरात खोलीची सगळी हवा सहा वेळा बदलली. बाहेर ४५ आणि आत २८ असेल तर नुसती ही घुसलेली हवा थंड करायला एक किलोवॅट जातो. साडेतीनातून एक गेला, वरून स्लॅब तापलेला, पश्चिमेची भिंत तापलेली, मग उरलं काय? तेच रात्री बाहेर ३२-३३ वर आलं की हा तोटा एक चतुर्थांशावर येतो, म्हणून तीच मशीन रात्री एकदम शहाण्यासारखी वागते. अमेरिकेत तर या मशीनच्या खोक्यावर आता दोन आकडे छापतात, एक जुना मोठा आणि एक हा सगळा तोटा धरून काढलेला लहान, १४,००० बीटीयूवाल्याचा दुसरा आकडा बहुतेक वेळा १०,००० च्या आसपास किंवा त्याहून कमी निघतो. आपल्याकडं माझ्या खोक्यावर एकच मोठा आकडा होता, त्यामुळं साइज ठरवताना एक टनाला पाऊण टनच समजा, आणि वर स्लॅब असेल तर अजून कमी धरा. वरच्या मजल्यावर ८०-९० फुटांच्या खोलीपुढं एक टनाकडून अपेक्षाच ठेवू नका. खालच्या मजल्यावर, पूर्वेकडची खोली असेल तर १२० पण खेचेल.

कुलिंग कमी वाटली म्हणून सर्व्हिसवाला बोलावला होता, पोरगा हुशार निघाला. जाळीजवळ थर्मामीटर धरला, आत जाणारी हवा आणि बाहेर येणारी थंड हवा यात दहा-बारा डिग्रीचा फरक दिसला, म्हणे "मशीन ठीक आहे भाऊ, तुमची खोली लीक आहे." मग देवघरातून उदबत्ती मागितली. पेटवून दाराच्या खालच्या फटीजवळ धरली तर धूर सरळ आडवा होऊन खोलीत ओढला जाऊन राहिला, जसं कुणी आतून फुंकणी उलटी लावली. खिडकीच्या कोपऱ्यात तेच, स्विचबोर्डच्या भोकातून पण तेच. त्या दिवशी दाराखाली रबराची पट्टी, खिडकीला फोमची टेप लावली. हवा कुठून तरी येणारच, ती बंद होत नाही, पण ती कुठून यावी हे आपल्या हातात येते.

आणि इथंच नागपूरवाल्यांचा फायदा आहे. हॉलमध्ये कूलर चालू ठेवा आणि बेडरूमच्या बाकी सगळ्या फटी बंद करून फक्त हॉलकडच्या दाराखाली जागा सोडा, मग मशीन लू ओढण्याऐवजी कूलरची तिशीतली हवा ओढते. फरक जाणवतो, पण फुकट काहीच नाही, ती हवा ओलसर असते आणि ते पाणी वाळवायला एसीला तेवढीच मेहनत पडते, त्यामुळं कोरड्या मेमध्ये पण टाकीत पाणी जमतं आणि अंग थोडं चिकचिकतं. बेडरूममध्येच कूलर आणि एसी दोन्ही लावणारे पण पाहिले आहेत, त्यांना हात जोडून नमस्कार.

एक गोष्ट गंभीरपणे सांगतो, अटॅच बाथरूममध्ये गॅस गिझर असेल तर एसी चालू असताना तो अजिबात लावू नका. खोली हवा ओढत असते, गिझरचा धूर बाहेर जायच्या ऐवजी आत येऊ शकतो.

खिडकीचं किट, म्हणजे पाइप खिडकीतून बाहेर काढायची पट्टी, हा सगळ्यात मोठा वैताग. ते सरकत्या खिडकीसाठी बनवलेलं असतं आणि आपल्याकडं पल्ल्याच्या खिडक्या, आतून ग्रिल. मी कूलरच्या खिडकीतच प्लाय बसवून सुताराकडून गोल भोक पाडून घेतलं, हे सगळ्यात स्वस्त आणि मस्त. पाइप जितका आखूड आणि सरळ तितका चांगला, जोड पाइप लावून लांबवायचा नाही, वळणात हवा अडली की मशीन तापून बंद पडते. पाइप स्वतःच रूम हीटर होतो, हात लावून पहा, चटका बसतो. त्याला इन्सुलेशनचा फोम गुंडाळला, हा खर्च करा.

आता बिघाड. मशीन मध्येच थांबली आणि पाण्याचा दिवा लागला तर घाबरायचं नाही, खालची टाकी भरली. मेमध्ये हे क्वचित, कारण जमलेलं थोडं पाणी मशीन गरम कॉइलवर उडवून पाइपातूनच बाहेर घालवते, पण जुलैत रोजचं दुखणं, खालचं बूच काढलं की थेट फरशीवर, म्हणून आधी परात सरकवा. पावसाळ्यात ड्रेन पाइप लावून ठेवा, उतार खालीच हवा. हवा मंद झाली आणि कॉइलवर बर्फ दिसला तर बहुतेक जाळी चोंदली आहे, एसी बंद करून नुसत्या फॅनवर वितळू द्या, चाकूनं खरवडू नका. जाळी तर इथल्या धुळीत आठवड्याला धुवायलाच पाहिजे. धुतल्यावरही फिल्टरचा दिवा जळत राहतो, तो काही वेळानं आपोआप जात नाही, माझ्या मशीनमध्ये बटण तीन सेकंद दाबून ठेवावं लागतं, तुमच्यात कोणतं ते पुस्तिकेत पहा.

रिसेट म्हणजे रिमोटनं बंद-चालू नव्हे. स्विच बंद, प्लग काढा, पाच मिनिटं थांबा, मग लावा. लाइट आल्यावर पहिली तीनेक मिनिटं नुसता पंखा फिरतो, कंप्रेसर लागत नाही, तो बिघाड नाही, कंप्रेसरचं संरक्षण आहे. आमच्या बाबांनी त्या तीन मिनिटांत पुन्हा पुन्हा बटण दाबून दर वेळी ती वेळ पहिल्यापासून सुरू केली आणि मग मशीन खराब निघाली म्हणून दुकानात फोन पण लावला. रिसेट करूनही तोच एरर कोड परत परत आला तर मात्र तो सेन्सर किंवा बोर्डचा मामला, स्वतः उघडू नका.

वीज तासाला सव्वा युनिटच्या आसपास, आणि दुपारी कंप्रेसर थांबतच नाही म्हणून पूर्ण तास धरा. १६ अँपिअरचा सॉकेट पाहिजे, एक्स्टेंशन बोर्डावर लावाल तर प्लग वितळू शकतो. संध्याकाळी व्होल्टेज पडत असेल तर स्टॅबिलायझर घ्या. आवाज खूप, कंप्रेसर उशाशीच आहे म्हटल्यावर होणारच, टीव्ही तीन-चार पॉइंट वाढवावा लागतो. चाकं आहेत म्हणून पोर्टेबल म्हणायचं, ३० किलोच्या वर वजन आहे, उंबरठा ओलांडायला दोन माणसं लागतात.

स्वतःचं घर असेल तर स्प्लिटच घ्या, विचार पण करू नका. भाड्याची लहान खोली आणि मुख्य गरज रात्रीच्या झोपेची असेल तर हे घ्या, आणि दोन पाइपचा मिळत असेल तर चार पैसे जास्त देऊन तोच घ्या, तो कंडेन्सरसाठी बाहेरचीच हवा घेतो. डिलिव्हरीच्या वेळी मशीन गाडीत आडवी आली असेल तर लगेच चालू करू नका, काही तास उभी राहू द्या, आणि खोक्यातली पाइपची दोन्ही टोकं, ड्रेनचं बूच आणि खिडकीची पट्टी दुकानवाल्यासमोरच मोजून घ्या, माझं बूच यायला अर्धा उन्हाळा गेला.