‘कॅमेरा वर्क’चे पुनर्मुद्रण : चित्रे मिळतात, अंक मिळत नाही

अमेरिकन छायाचित्रकार अल्फ्रेड स्टिग्लिट्झ यांनी १९०३ ते १९१७ या काळात न्यूयॉर्कहून काढलेल्या ‘कॅमेरा वर्क’ या त्रैमासिकातील छायाचित्रांचे एकखंडी पुनर्मुद्रण मी डेक्कनवरील एका दुकानातून घेतले. छायाचित्रण मनापासून शिकणाऱ्याने ते संग्रही ठेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे; मात्र त्यावरून मूळ अंकाची पुरती कल्पना येईल, या समजुतीने ते घेऊ नये.

छायाचित्रण ही चित्रकलेच्या तोडीची कला आहे, हा स्टिग्लिट्झ यांचा आग्रह लेखांतून मांडला जात होताच, पण तो खऱ्या अर्थाने पटत होता तो फोटोग्रॅव्हूरच्या छपाईमुळे. तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने प्रतिमा कोरायची, खोलगट भागांत शाई भरून, पुष्कळदा तलम जपानी कागदावर, ठसा घ्यायचा आणि तो हाताने पानावर चिकटवायचा, असे ते काम होते. ब्रुसेल्सच्या एका प्रदर्शनाला मूळ छायाचित्रे पोहोचली नाहीत, तेव्हा अंकातले ठसेच भिंतीवर लावले गेले आणि बहुतेकांना तीच मूळ छायाचित्रे वाटली.

हाती आलेली प्रत ऑफसेटची, म्हणजे छटा बारीक ठिपक्यांतून उभ्या करणाऱ्या यंत्रछपाईची आहे. ऑक्टोबर १९११ च्या अंकातले ‘द स्टिअरेज’ हे स्टिग्लिट्झ यांचे जहाजावरील प्रवाशांचे छायाचित्र भिंगाखाली धरले, की वरच्या डेकवरील माणसाच्या गोल गवती टोपीवर ठिपक्यांची जाळी दिसते आणि खालच्या डेकवरची गर्दी एकाच काळ्या पट्ट्यात बुडून जाते. सलग उतरत जाणाऱ्या छटांवर उभ्या असलेल्या चित्राचे हे मोठेच नुकसान आहे.

लेख गाळले आहेत, ही उणीव मला त्याहून अधिक खटकली. ऑगस्ट १९१२ च्या विशेषांकात लेखिका गर्ट्रूड स्टाइन यांनी मातीस आणि पिकासो या चित्रकारांवर लिहिले होते. नियतकालिक असे आधुनिक चित्रकलेकडे वळत गेले, तसे अनेक जुने छायाचित्रकार दुरावले आणि सुमारे हजार वर्गणीदारांवरून संख्या अखेर चाळिसाच्याही खाली आली. नुसती चित्रे पाहून ही ओढाताण कळत नाही.

जून १९१७ च्या अखेरच्या जोडअंकातील पॉल स्ट्रँड यांची छायाचित्रे मात्र या प्रतीत उत्तम उतरली आहेत. गळ्यात ‘अंध’ असा फलक अडकवलेल्या स्त्रीचा चेहरा, त्यातील कडक काळे-पांढरे, ऑफसेटलाही पेलले आहे. दुकानात प्रत पाहताना ही पाने आणि एडवर्ड स्टायकेन यांची धूसर दृश्ये दारापाशी, दिवसाच्या उजेडात, शेजारी शेजारी ताडून पाहावीत आणि मगच पैसे मोजावेत.