आठ महिने, अकरा सहभोजनं: विद्यार्थ्यांनी बनवलेली टेबलं आणि बाकडी

सहभोजनाची मांडामांड माझ्याकडे असते, म्हणजे सगळ्यात शेवटी जेवायला बसणारी मी. त्यामुळे डिझाइनच्या विद्यार्थ्यांनी बनवलेल्या या सहा टेबलांबद्दल आणि बारा बाकड्यांबद्दल माझं मत जेवणाऱ्यांपेक्षा जरा वेगळं आहे.

टेबलं झकास. 18 मिलिमीटरचा प्लाय, 240 बाय 75 सेंटिमीटर. एका बाजूला चौघं, माणशी 60 सेंटिमीटर. कोपराला कोपर लागत नाही. फळी दोन घोड्यांवर, म्हणजे सुट्या आधारांवर, ठेवली की खालच्या खुंट्या खाचेत बसतात, पान्याची गरज नाही. फळी वीसेक किलोची, दोघांनीच उचलावी. पॉलिशही टिकलंय. फक्त कडांना एकच हात मारला होता, तिथे ओल्या फडक्याचं पाणी मुरून एका कोपऱ्याचे थर फुगलेत.

बाकड्यांनी मात्र पहिल्याच जेवणात इंगा दाखवला. पाय टोकापासून 45 सेंटिमीटर आत होते; दिसायला ऐटदार. बाकीचे तिघं उठले आणि टोकाचे काका वाटीसकट जमिनीवर. (लागलं नाही, पण सदऱ्याचं काय सांगू.) पोरांनी पाय टोकापासून 15 सेंटिमीटरवर नेले. त्यावर त्यांच्यातलीच एक म्हणाली, ‘‘मग मधे झोळ येईल त्याचं काय?’’ खरं होतं. मधोमध तेवढंच वजन ठेवलं तर झोळ पायांमधल्या अंतराच्या घनाने वाढतो. इथे 150 चे 210 झाले, म्हणजे झोळ जवळजवळ पावणेतीनपट. मग फळीखाली लांबीभर उभी पट्टी ठोकली. आता बाकडं हूं की चूं करत नाही.

माझी खरी तक्रार वाढणाऱ्यांच्या वाटेची. नकाशात पाठीला पाठ लावलेल्या बाकड्यांमध्ये 90 सेंटिमीटर जागा होती, पण ती रिकाम्या बाकड्यांमधली. माणसं बसली की दोन्हीकडून पाठी मागे येतात, त्यात कुणी उठायला पाय बाहेर काढतो. गरम पातेलं घेऊन आम्ही खेकड्यासारखे आडवे चालायचो. तीन जेवणं मी हेच सांगत होते. चौथ्याला तीच मुलगी वाढायला उभी राहिली आणि तिची बाही भिजली.

पाचव्या वेळी ती मोजपट्टीऐवजी रिकामं पातेलं घेऊन आली. सगळ्यांना बाकड्यांवर बसवून ओळींमधून दोनदा फिरली आणि एक टेबल उचलायला लावलं. आता पाचच मांडतो.