गोधडी: हातशिलाईची की मशीनची?

घरात जुन्या सुती साड्यांचा ढीग आहे, पण गोधडी हाताने शिवावी की मशीनवर, हे ठरत नाही?

वेळ बघाल तर मशीनच. हाताच्या धावदोऱ्याला दुपारच्या दुपारी जातात. शिवून घ्यायची तर खर्चही त्यामुळेच वाढतो.

खरा फरक टिकण्यात. मशीनचे टाके घट्ट आणि जवळजवळ पडतात. विरलेल्या लुगड्याला त्या भोकांच्या ओळीवरच चीर जाते. म्हणून टाका लांब, ४ मिमीचा ठेवा. घरगुती मशीन तीनेक थरांपर्यंत ठीक चालतं. पुढे वरचा थर सरकतो आणि कडेला चुण्या गोळा होतात. आधी वीतभर अंतरावर कच्चे टाके घातले तर हे बरंच टळतं. हाताचा दोरा सैल असतो, कापडाबरोबर हलतो. चार-पाच थर आरामात घेतो, आणि उसवला तर तेवढीच ओळ पुन्हा घालता येते.

साड्या कुठल्याही पद्धतीत आधी धुवून खळ काढाच, नाहीतर सुई अडते.

बाळासाठी, मऊ झालेल्या कापडाची हवी तर हातशिलाईच. रोज अंथरायला, आठवड्याला धुवायला, धड कापडाची हवी असेल तर मशीनची पुरे.