लो-कार्ब कॉफीसाठी क्रीम: सहा महिन्यांच्या वापरानंतर

निकाल आधी. ३५-३६ टक्के फॅटचं, साखर न घातलेलं साधं व्हिपिंग क्रीम. सहा महिने रोज दोन-तीन कपांत निरनिराळे प्रकार वापरल्यावर हेच टिकलं. मात्र त्याचं कारण बहुतेकांना वाटतं ते, म्हणजे त्यात कार्ब्स (कर्बोदकं) फारच कमी असतात हे, नाही.

दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पाण्याच्या भागात विरघळलेली असते, फॅटमध्ये नाही. फॅट वाढलं की पाणी कमी, म्हणून लॅक्टोजही कमी. १०० ग्रॅममागे कार्ब्स साधारण असे: पूर्ण फॅटचं दूध ४.७ ग्रॅम, २० टक्क्यांचं हलकं क्रीम ३.७, आणि ३६ टक्क्यांचं जाड क्रीम २.८. तफावत वाटते तेवढी मोठी नाहीच! सारख्या मापाने, कपाला ३० मिली घातलं, तर दूध आणि जाड क्रीम यांत जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा फरक पडतो.

खरा फायदा मापात आहे. कॉफीचा कडवटपणा मोडायला जाड क्रीम १५ मिली पुरतं, तिथे दूध ५०-६० मिली ओतावं लागतं. म्हणजे ०.४ ग्रॅमच्या जागी अडीच-पावणेतीन ग्रॅम. दिवसाला २० ग्रॅम कार्ब्सची मर्यादा पाळणाऱ्याला तीन कपांत हा फरक चांगलाच जाणवतो.

आता याच फायद्याची दुसरी बाजू. १५ मिली क्रीममध्ये ५० कॅलरी असतात. हात सैल सुटला की कपात सहज ४० मिली जातं. तीन कपांचे ४०० कॅलरी होतात, कार्ब्स मात्र साडेतीन ग्रॅमच्या आतच राहतात. मोजदाद फक्त कार्ब्सची असेल तर ही गळती दिसतच नाही, आणि वजन का हलत नाही हे कळत नाही. चमच्यावर विसंबू नये. जाड क्रीम चमच्यावर ढिगासारखं उभं राहतं, शिवाय थोडं चिकटून मागे उरतं. कप वजनकाट्यावर ठेवा, काटा शून्यावर आणा आणि १५ ग्रॅम ओता.

लेबल वाचताना 'एका सर्व्हिंगला ० ग्रॅम' याने फसू नका. अमेरिकी नियमांत सर्व्हिंगमागे अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी कार्ब्स असतील तर शून्य छापता येतं. १०० ग्रॅमचा रकाना असेल तर तोच पाहा. घटकांत क्रीमच्या जोडीला कॅराजीनन किंवा जेलन गम असेल तर कार्ब्सच्या हिशेबात त्याने काही बिघडत नाही. डब्यातलं क्रीम वेगळं होऊ नये म्हणून ते घालतात. पण साखर, ग्लुकोज सिरप, माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली कार्ब्सची भुकटी) यांपैकी काही दिसलं की डबा परत ठेवा.

पावडर क्रीमर तर बादच. त्यात वजनाच्या निम्म्याहून अधिक कार्ब्स असतात, कारण मुख्य घटक बहुधा ग्लुकोज सिरपची भुकटीच असते. 'शुगर-फ्री' लिहिलेल्या पावडरीतही माल्टोडेक्स्ट्रिन सापडतं. साखरेऐवजी वापरतात त्या गोडव्याच्या छोट्या पुड्यांचीही तीच गत: भर म्हणून घातलेल्या डेक्स्ट्रोजमुळे (म्हणजे ग्लुकोज साखरेमुळे) पुडीमागे जवळपास एक ग्रॅम चढतो. थेंबांचा द्रव गोडवा त्यापेक्षा बरा.

कपात काही बिघडलेलं दिसलं तर आधी नीट बघा. वर पिवळसर, चकचकीत वर्तुळं तरंगत असतील आणि ढवळल्यावर मोडून पुन्हा जमत असतील, तर तो फॅटचा तवंग आहे. क्रीम गोठून पुन्हा वितळलं की असं होतं, बर्फाच्या कणांनी फॅटच्या थेंबांवरचं आवरण फाटतं. चव खराब नसते, पण जिभेला तेलकट लागतं. म्हणून क्रीम फ्रीजच्या मागच्या भिंतीला टेकवून ठेवू नये. याउलट, पांढरे बारीक कण दिसले आणि ते ढवळूनही जात नसतील, तर क्रीम फाटलंय. यात प्रथिनं गोळा होतात, आणि त्याला दोन गोष्टी कारण: कॉफीची आम्लता आणि उष्णता. उघडून बरेच दिवस झालेलं क्रीम आधीच थोडं आंबलेलं असतं, त्यात गरम कॉफी पडली की तोल जातो. हलक्या क्रीममध्ये फॅट कमी आणि प्रथिनं थोडी जास्त, त्यामुळे ते लवकर फाटतं. उपाय सोपा आहे: आधी कपात क्रीम, मग त्यावर थोडी थोडी कॉफी, आणि उकळती नको, दोन मिनिटं निवलेली. डबा उघडल्यावर पाच दिवसांत संपवावा, तोही ४ अंशांच्या आसपास ठेवून.

ज्यांना जाड क्रीम जड वाटतं त्यांनी हलकं विकत घेण्याऐवजी जाड क्रीममध्ये तेवढंच पाणी मिसळावं. फॅट १८ टक्क्यांवर येतं आणि कार्ब्स १०० ग्रॅममागे १.४ च राहतात, म्हणजे हलक्या क्रीमच्या निम्म्याहून कमी. अंगाने थोडं पातळ लागतं, एवढंच. हे मिश्रण साठवू नका, त्या त्या वेळी करा.

दूध चालत नसेल तर बिनसाखरेचं नारळाचं क्रीम. चव कॉफीवर स्वार होते आणि ते वर तरंगतं, म्हणून डबा उघडण्याआधी जोरात हलवा. बदामाचं बिनसाखरेचं दूध कार्ब्सच्या बाबतीत उत्तम, पण गरम कॉफीत बऱ्याचदा फाटतं. ते थंड कॉफीतच घालावं.