नाव माझं, खातं दुसऱ्याचं

सांगलीत राहतो, त्यामुळे हळदीचे फोटो काढायला मला लांब जावं लागत नाही. मार्केट यार्डातले सौदे, हरिपूरची हळद साठवायची जमिनीखालची पेवं (२००५च्या पुरातून वाचली तेवढी), अंगणात वाळत पडलेली हळकुंडं. लग्नसराई संपली की कॅमेरा रिकामाच असतो, म्हणून हे फोटो परदेशी स्टॉक एजन्स्यांवर, म्हणजे फोटो ऑनलाइन विकून देणाऱ्या कंपन्यांवर, टाकायला लागलो. पहिल्या एजन्सीत मी माझ्या खऱ्या नावानं होतो. दुसरीकडे जाताना मात्र टोपणनाव घ्यावंसं वाटलं. लग्नाच्या ऑर्डरी घेणारा मी वेगळा आणि हा मी वेगळा दिसावा, एवढंच मनात होतं. कृष्णा-वारणेचा संगम घराजवळच, म्हणून ‘संगमकाठ’ हे नाव सुचलं आणि मी त्याच्या प्रेमातच पडलो.

त्याच सुमारास स्टॉक फोटोग्राफीचा ऑनलाइन क्लास घेणारे एक ‘सर’ भेटले. म्हणाले, “दादा, प्रत्येक ठिकाणी वेगळं नाव ठेवलंत तर गिऱ्हाईक तुम्हाला ओळखणार कसं? पाच एजन्स्या, एकच नाव. खाती मी उघडतो, गिऱ्हाईकाला फोटो सापडावा म्हणून लागणारे शब्द, कीवर्ड, मी घालतो, तुम्ही फोटो काढा. तीस टक्के माझे.”

यातला नावाबद्दलचा सल्ला अगदी बरोबर होता. त्यामुळेच बाकीचं गळी उतरलं.

आठ दिवसांत लिंक आली. माझ्या आईच्या हातातली हळकुंडं, मनगटावर हिरव्या बांगड्या, अंगठ्यापाशी तव्याचा जुना डाग, आणि खाली झोकात ‘संगमकाठ’. आईला दाखवलं. तिनं चष्मा लावून बघितलं आणि म्हणाली, “डाग तरी पुसायचास.” मी खूश.

पण फोटोखाली दिसतं ते फक्त पाटीवरचं नाव असतं. दुकानाचा परवाना कोणाचा हे पाटी सांगत नाही. खात्याच्या आत खरं नाव, ओळखपत्र, ईमेल, पैसे जमा व्हायचं खातं आणि अमेरिकी एजन्सी असेल तर डब्ल्यू-८ बीईएन हा कराचा फॉर्म असतो. तो भरला नाही तर अमेरिकेतल्या विक्रीवर ३० टक्के कर कापला जातो, म्हणून सगळे भरतातच. हे सगळं सरांच्या नावावर होतं. अलामीसारख्या एजन्सीत तर एकाच खात्याखाली अनेक टोपणनावं ठेवता येतात. सोय चांगलीच आहे, पण बाहेरून बघणाऱ्याला खातेदार कोण याचा पत्ता लागत नाही.

त्यांनी माझ्याकडून आणखी दोन गोष्टी करून घेतल्या. फोटोच्या फाइलमध्ये छायाचित्रकाराचं नाव आणि कॉपीराइट लिहायच्या ज्या जागा असतात त्या पुसून पाठवायला सांगितल्या. नावं जुळली नाहीत तर फोटो नाकारतात म्हणे. धादांत खोटं. आणि आईच्या हाताचा फोटो म्हणून मॉडेल रिलीजवर (फोटोतल्या माणसाच्या संमतीपत्रावर) तिची सही घेतली, तेव्हा “छायाचित्रकाराची ओळ कोरी ठेवा, मी टाइप करतो,” म्हणाले. मी ठेवली. कोऱ्या कागदावर सही करू नये हे आमच्याकडे सात-बारा कळायच्या आधी शिकवतात, तरी ठेवली.

वर्षभरात ४१२ फोटो दिले. हाती आले ३,१४० रुपये, तेही दोन हप्त्यांत. पासवर्ड मागितला की सर आजारी, नाहीतर ‘एजन्सीचं सर्व्हर डाऊन’. शेवटी मीच त्यातल्या एका एजन्सीवर स्वतःचं खातं उघडून तेच फोटो टाकले. तिसऱ्या दिवशी माझं खातं बंद! कारण: दुसऱ्या योगदानकर्त्याचे फोटो चोरून टाकले. माझ्या आईचा हात, आणि चोर मी.

मदत विभागाला लिहिलं तर नम्र उत्तर आलं, खात्याशी जोडलेल्या ईमेलवरून लिहा. तो ईमेल सरांचा. ‘संगमकाठ’ मीच, हे सिद्ध करायला माझ्याकडे कागदाचा कपटाही नव्हता, कारण पहिल्या एजन्सीत मी वेगळ्याच नावानं होतो. पोलिस ठाण्यातले साहेब म्हणाले, “फोटो तुम्हीच दिले ना? करार दाखवा.” करार तोंडी होता.

तारलं कॅमेऱ्यानं. रॉ फाइल्स, म्हणजे कॅमेऱ्यातल्या मूळ फाइल्स, मी पुसल्या नव्हत्या. विकल्या गेलेल्या प्रत्येक फोटोच्या मागेपुढे न विकलेले दहा-बारा होते: आईचे डोळे मिटलेले, बांगडी सरकलेली, मधेच मांजर आलेलं. कॉपीराइट भंगाची रीतसर नोटीस पाठवताना ते सोबत जोडले. सात आठवड्यांनी चार एजन्स्यांनी फोटो उतरवले. पाचवीवर अजून आहेत. पैसे कुठूनच आले नाहीत.

आता नाव ठरवणार असाल तर आधी ते सगळ्या एजन्स्यांवर शोधा, आणि मोकळं असेल तर एका बैठकीत सगळीकडे स्वतः नोंदवा, फोटो नंतर टाकले तरी चालतील. टोपणनाव घ्या हवं तर, पण आत पॅनवरचंच नाव, स्वतःचा ईमेल आणि स्वतःचं बँक खातं. फाइलमध्ये खरं नाव आणि टोपणनाव दोन्ही लिहा. कोणी कीवर्ड घालून देत असेल तर कामाचे रोख पैसे द्या, खातं देऊ नका. ‘संगमकाठ’ मला परत मिळालं नाही. आता सगळीकडे माझं आडनावच आहे, उच्चारता आलं नाही तरी गिऱ्हाईकाचं काही अडत नाही.

परवा आईकडून नव्या रिलीजवर सही घेत होतो. तिनं कागद खिडकीकडे नेला, ओळीवर बोट ठेवत वाचला आणि पेन मलाच परत दिलं. “आधी तू तुझं नाव लिही. मग मी.”